पिकलेलं चीज

फणसाच्या लाकडाची फळी पुसून कृष्णनाथने तिच्यावर चार प्रकारचं चीज मांडलं. आधी कडक, मग भोकांचं, मग निळ्या बुरशीचं, शेवटी मऊ पांढरं. प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. धारगळच्या या होमस्टेत मात्र आज पहिलाच दिवस. बाहेर मालकीण संजना सहा पाहुण्यांशी बोलत बसली होती.

मऊ चीजच्या वेष्टनावरची तारीख पुसट झाली होती. कृष्णनाथने ते नाकाशी नेलं, मग भांडी विसळणाऱ्या बायकोपुढे धरलं.

"कमलाक्षी, बघ गो. माका सर्दी झाल्या. हेका घाण येता?"

तिने चारही हुंगून तोंड फिरवलं. "सगळ्यांकच येता. लोक ह्या खातत?"

त्याने चीज बोटाने दाबून पाहिलं. रंग बरा होता. द्राक्षं, काजू, अंजिराच्या फोडी लावून तो फळी बाहेर ठेवून आला.

पाच मिनिटांत संजना ती घेऊन परत आली.

"काका, हे मऊ चीज बघा जरा."

त्याने हुंगलं. "थोडं जास्त पिकलंय. चालतं तसं."

"थोडं? मोरीत ओतायच्या औषधासारखा वास मारतोय. बाहेर सगळे नाक धरून बसलेत." ती थबकली. त्याच्याकडे निरखून पाहू लागली. "तुम्हाला येत नाही?"

कृष्णनाथने मान खाली घातली.

"करोना झाला, तेव्हा गेला तो गेलाच. बोटीवरनं त्यासाठीच काढलं. डॉक्टर म्हणतात, आता आशा नाही. वाटलं, नजरेवर निभावून नेईन."

संजनाचा आवाज उतरला. "आधी सांगायचंत, काका. उद्यापासून नका येऊ." फळी ओट्यावर ठेवून ती पाहुण्यांकडे गेली.

नळ वाहत होता. कमलाक्षीने तो बंद केला. नोकरी गेली तेव्हा, कंपनीने माणसं कमी केली, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. पदराला हात पुसत ती त्याच्याकडे वळली.

"चार वर्सां झाली," ती म्हणाली. "रोज जेवणार बसलात की म्हणतास, आज माशांच्या हुमणाक वास बरो सुटला हा."