गिरणीची बोली

आर्नल्ड काय बोलतोय ते अख्ख्या वॉर्डात एकट्या विनीला कळत होतं. कान त्याचे गिरणीने कधीच खाल्ले होते आणि गेल्या वर्षी कॅन्सरपायी डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटी काढली. ओठ मात्र झकास चालत होते.

इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या मागांवर ज्यांनी उमर काढली त्यांना यात नवल वाटायचं नाही. शेकडो धोटे एकदम धडधडायला लागले की शेजारणीने कानात बोंब ठोकली तरी ऐकू येत नसे. मग बाया नुसत्या ओठांनी बोलत, तोंड चांगलं मोठं करकरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. विनी-आर्नल्डची आई तर घरी आल्यावरही तशीच बोलायची. चुलीपाशी उभी राहून मुक्याने शिव्या घालायची, आणि पोरं हसली की धपाटा मात्र आवाजासकट मिळायचा. पुढे विनी मागावर लागली, आर्नल्ड माग दुरुस्त करणारा जॉबर झाला, तेव्हा ही बोली त्यांना नव्याने शिकावी लागली नाही.

आर्नल्ड खिडकीबाहेर बघत होता. तिथून त्यांच्या गिरणीचं धुराडं दिसे. गिरणीत आता फ्लॅट झालेत आणि धुराने काळा पडलेला दगड घासून पिवळाधमक केलाय. लहानपणी या दोघांना वाटायचं, दगड म्हणजे काळाच असतो. घासलेल्या भिंती विनीला अजून नागड्या वाटतात, ती तिकडे बघत नाही.

"ऑगस्टातली सुट्टी आठवते?" आर्नल्डचे ओठ हलले. आठवडाभर गिरण्या बंद राहत, धूर विरत जाई आणि शहराच्या कडेला एकाएकी टेकड्या दिसू लागत. "मी तुला विचारलं होतं, या कोणी आणून ठेवल्या?"

"आणि मी म्हटलं होतं, म्युनिसिपालटीने," विनीने ओठांनीच उत्तर दिलं.

"मी शाळेत जाऊन तेच सांगितलं गं." तो हसायला लागला. मानेतल्या भोकातून नुसती हवा फसफसली. विनीने ते रुमालाने पुसलं.

तेवढ्यात डॉक्टर रझाक आली. तरुण पोरगी. तिचे आजोबा मीरपूरहून येऊन याच मागांवर रात्रपाळी करायचे, असं तिने विनीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि विनीला ऐकू जाईल अशी मोठ्याने, सावकाश बोलली. गाठ परत आली होती. ऑपरेशन केलं तर कदाचित वर्षभर मिळेल, पण ऑपरेशन मोठं आहे आणि नंतर जेवण नळीनेच. नाही केलं तर नाताळ दिसेल असं सांगवत नाही. तिने हे पाटीवर लिहूनही आणलं होतं. पण आर्नल्डचं अक्षरांशी आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तो पाटीकडे न बघता बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुम्हीच विचारा त्यांना," डॉक्टर म्हणाली. "ते म्हणतील तसं करू."

विनीने विचारलं. काही गाळलं नाही, नळीचंसुद्धा सांगितलं.

आर्नल्डने फार वेळ घेतला नाही. "कापाकापी पुरे आता. घरी ने मला, विने. माझ्या बिछान्यात मरू दे."

"काय म्हणाले?" डॉक्टरने विचारलं.

विनीला भीती वाटली. नवरा गेला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. तेव्हा आर्नल्ड होता, बॅग घेऊन तिच्याकडेच राहायला आला होता. हा गेला की चहाच्या टेबलाशी ओठ हलवायचे ते कुणासमोर? ही बोली येणारं दुसरं कोणी तिच्या ओळखीत जिवंत नव्हतं.

"करा म्हणतोय," ती म्हणाली. "ऑपरेशन करा म्हणतोय."

हे म्हणताना तिचा हात तोंडावर गेला. आपसूक गेला. गिरणीत एखादी समोर बघत असताना तिच्याविषयीच बोलायचं झालं की तिला ओठ दिसू नयेत म्हणून बाया असा तळवा तोंडावर धरत. एरवी कोणी धरत नसे. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला हुंदका आलाय. तिने विनीची पाठ थोपटली आणि खात्री करून घ्यायला आर्नल्डकडे बघून अंगठा वर केला. चालेल ना?

आर्नल्ड डॉक्टरकडे बघतच नव्हता. तो बहिणीच्या हाताकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्याने स्वतःचा अंगठा उचलला.

डॉक्टर खूश झाली. उद्या सकाळी सर्जन येऊन भेटतील म्हणाली आणि गेली.

विनीने हात खाली घेतला. "अर्न्या, मी एकटी..." तिचे ओठ नीट हलेनात.

"कळलं," आर्नल्ड म्हणाला. "माझ्याकडे ते वर्ष मागितलं असतंस तरी दिलं असतं, विने."

आणि त्याने डोळे मिटले.

चहाची गाडी आली, दोन कप ठेवून गेली. विनी वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, मोठं करकरून, एकसारखी बोलत होती. आर्नल्ड जागा होता. पापण्या थरथरत होत्या, पण त्याने त्या उघडल्या नाहीत.