बेगमआपांचं कार्ड

मधुमेहावर संशोधन करणाऱ्या सेंटरचं ॲप बनवणं हे माझं पयलंच काम. ते कोण वापरणार, त्या प्रत्येकाचं, तो काम कसं करतो याचं, मनानंच एक कार्ड केलतं: डॉक्टर, नर्स, लॅबवाला. शेवटचं कार्ड गावोगाव रक्ताचे नमुने घेणाऱ्या बाईचं. "मोबाईल कायम हातात," असं बिनधास्त लिवलतं. सेंटरच्या मॅडम पास करणार, तेवढ्यात ते काम खरोखर करणाऱ्या बेगमआपा आल्या. दोन्ही हातांत नमुन्यांची बर्फाची पेटी. त्यांनी कार्ड वाचलं. "मग मोबाईल काय दातात धरू व्हय रं?" मॅडम हसल्या, "चालतंय की, एवढं कोण बघतंय!" मी कार्ड फाडलं. "न्हाय मॅडम, हे खोटं हाय. उद्या आपांच्या मागनं फिरतो, मगच लिहितो." आपांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सकाळी सहाला गडमुडशिंगी गावात ये, उपाशीपोटी. लोकं सुईला भित्यात. पयली तुलाच टोचते, मग बघ कशी रांग लागतीय."