बोलकी कमान

कुणा माणसाने प्रवाशांची शरीरं पडद्यावर बघू नयेत, म्हणून विमानतळावरच्या तपासणीच्या कमानी आता स्वतःच बघत. आणि लपवाछपवी नको म्हणून दिसेल ते मोठ्याने सांगत. पुढच्या गृहस्थांची कवळी अख्ख्या रांगेला कळली. कुसुमताईंनी ब्लाउजच्या आत डावीकडे खोचलेली कापडाची घडी पदरावरून पुन्हा चाचपली. सांगलीला बहिणीकडे राहून केलेलं ऑपरेशन त्यांनी मुलापासून लपवलं होतं, आणि तो मागेच उभा होता.

त्या कमानीखाली गेल्या.

"डाव्या बाजूला..." कमान बोलू लागली.

"अहो, डबा कशाला उघडलात?" एरवी कधी आवाज न चढवणारी त्यांची सून गार्गी रक्षकावर कडाडली. "लाडू फुटले तर? बोलवा तुमच्या साहेबांना!"

मुलगा ओशाळून तिला आवरायला धावला. त्या आरडाओरड्यात कमानीचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

पलीकडे ट्रेमधून डबा आला. त्याच्या झाकणाची सुतळी कुणी सोडलेलीच नव्हती.

कुसुमताई जड पिशवी डाव्या खांद्याला अडकवू लागल्या. गार्गीने ती काढून घेतली.