उधार नेलेला आवाज

मल्हारी गोंधळी, त्यांचे पुत्र बहिर्जी आणि बहिर्जींचे पुत्र सोपानराव या तिघांनी वडजाई गावात देवीपुढे संबळ वाजवला. सोपानरावांची अंत्ययात्रा मात्र संबळाविना निघाली. कायद्याने गावाला दिवसभरासाठी मोजून मिळणारा आवाजाचा वाटा त्या दिवशी गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या स्पोर्ट्स गाड्यांनी दुपारआधीच संपवला होता. ट्रॅकचे मालक खर्शीकर यांनी तो गावाला न विचारता उसना घेतला होता आणि वर्षभरात परत करण्याच्या अटीवर कायद्याने तशी मुभा होती. असल्या कायद्याला कायदा म्हणणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

वर्षश्राद्धाच्या सकाळी सोपानरावांची कन्या अनसूयाबाई ट्रॅकच्या फाटकात उभ्या राहिल्या.

"उसन्या आवाजाची मुदत आज संपते. आज ट्रॅकच्या वाट्यातून तेवढा परत करा."

"मावशी, त्याऐवजी नुकसानभरपाई देतो की! लांबून लांबून गाड्या आल्यात."

"गाड्या खुशाल पळवा. मोठे सायलेन्सर बसवा म्हणजे झाले."

"अहो, मग त्या मांजरीसारख्या पळतील! लोक मला हसतील."

"हसू द्यात! माझ्या बापाला तुम्ही चोरासारखे गुपचूप न्यायला लावलेत. तेव्हा आम्ही काय हसत होतो?"

खर्शीकरांची मान खाली गेली. त्यांनी मेकॅनिकांना खूण केली.

दुपारी ट्रॅकवर फक्त टायरांची सरसर ऐकू येत होती. गावात अनसूयाबाईंनी संबळ कमरेला बांधला आणि वडिलांच्या नावाने पहिली थाप दिली. दिवस मावळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. गावाच्या वाट्याबरोबर ट्रॅककडून परत मिळालेला आवाजही संपला, तेव्हा खर्शीकरांकडे वडजाईचे काहीही येणे उरले नव्हते.