राहिलेली चिमूट

मासे धरायच्या स्पर्धेत जागेची चिठ्ठी काढताना क्लेमच्या हाती नेमकी त्याच्या वारलेल्या दोस्ताची, अल्बीची लाडकी जागा आली. अल्बीच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख आमिषाच्या गोळ्यांत कालवून क्लेमने गेल्या थंडीत तिथल्या पाण्यात टाकली होती.

"आज काय बुवा, खालून वशिला आहे!" बाकीचे हसले.

आणि खरंच, गळ पाण्यात पडायचा अवकाश, की मासा लागलाच. शेवटची शिट्टी झाली तेव्हा क्लेमला धरलेल्या माशांची पाण्यातली जाळी एकट्याने उचलवेना. अल्बीची बायको डॉरीन वजनकाटा घेऊन आली, तिने मासे तोलले आणि नेहमीसारखे तळ्यात परत सोडले.

एकही मासा गेला नाही. सगळे काठाशी दाटीवाटीने थांबले, क्लेमकडे तोंडं करून, आ वासून.

"जा की आता, सुटलात!" क्लेमने पाय आपटला.

डॉरीनने वाकून पाण्यात पाहिलं. "क्लेम, त्याची राख सगळी टाकली होतीस ना रे?"

"सगळी गं."

नशीब साथ द्यावं म्हणून त्यातली चिमूटभर राख ज्यात ठेवून घेतली होती, ती डबी त्याने कोटाच्या खिशात घट्ट दाबून धरली.

पाण्यातली सगळी तोंडं त्या खिशाकडे वळली.