सीटवरच्या वाळूच्या पिशव्या

शर्यतीआधी आई गाडीची उंची लावते तेव्हा गॅरेजात कुणी शिंकतसुद्धा नाही. चालवणाऱ्याच्या वजनाने गाडी दबते, म्हणून सीटवर आधी बाबांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, मग स्प्रिंगचा नट फिरवायचा, शेवटी दोरा ताणून चाकं सरळ करायची. आपण जिंकतो ते तिच्या पान्यामुळे, हे बाबाच सगळ्यांना सांगतात. गेल्या अपघातापासून त्यांचा खांदा धड वळत नव्हता, पण ‘थांबा’ म्हणणार कोण? आज आईने मला डोळ्यांनीच तोललं आणि सीटवरच्या दोन पिशव्या काढून खाली ठेवल्या. “हे वजन माझं नाही,” बाबा म्हणाले. “पोरीचं आहे,” आई पाना उचलत म्हणाली.  बाबांनी वाकून आणखी एक छोटी पिशवी काढली. “माझ्या शर्यतीला पोरीला घास जात नाही, उद्या तर हिची स्वतःची. लाव उंची.”