तिच्याच आवाजात

गर्भपातानंतर डॉक्टरांनी तांबी, गोळ्या, इंजेक्शन असे गर्भनिरोधनाचे सगळे पर्याय सांगितले. शर्वरीने दंडातली चिप निवडली, कारण ती फक्त तिच्याच आवाजाने चालू-बंद होणार होती. तिला इतक्यात मूल नको होतं.

"पड गं निवांत," घरी सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या मनासारखं केलंस, झालं."

ती पडली. दाराबाहेर सासूबाईंनी फोनवर तिच्या लग्नाचा व्हिडिओ लावला आणि तिचा लाजरा उखाणा ऐकू आला. पाठोपाठ तोच लाजरा आवाज हुबेहूब उचलून फोन म्हणाला, "चिप, बंद हो." हे ती कधीच म्हणाली नव्हती.

चिप चालू असल्याचा दंडावरचा हिरवा ठिपका विझला.

"चालू हो," ती घाबरून म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

दंडातून बारीक उत्तर आलं, "आवाज जुळत नाही."